कापडाचं पोट

‘ओरडा, मावशी, ओरडा! अहो, बाळंत होताय तुम्ही, बसची वाट नाही बघत!’

नर्सना शिकवायला आलेल्या प्रकल्पाचे साहेब असं म्हणाले तशा हॉलमधल्या सगळ्या नर्स खुदकन हसल्या. टेबलावर उताणी पडलेली मावशीही हसली. मग तिनं डोळे मिटले आणि असा काही टाहो फोडला, की बाहेरच्या औषधांच्या खिडकीवरचा माणूस उठून बघायला आला.

मावशीच्या कमरेला कापडाचं पोट बांधलेलं होतं. आत रबराचं बाळ, कापडाची वार आणि तांबड्या पाण्याची पिशवी. पिशवीची नळी खाली सोडलेली आणि नळीची बारकी तोटी चादरीखाली मावशीच्या मुठीत. साहेबांनी तिला पढवून ठेवलं होतं. शिकणारीचा हात पोटावर योग्य जागी, योग्य जोरानं पडला की तोटी बंद करायची. तोवर वाहू द्यायचं. मग शिकणाऱ्या पोरी घामाघूम होत आणि मावशी चादरीखालून त्यांच्याकडे बघत पडून राही. तोटी बंद झाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. साहेब म्हणत, ‘वाचली आई!’ टाळ्या होत. मावशी उठायची, पोट सोडायची आणि फडकं घेऊन खालचं तांबडं पाणी पुसायला लागायची. कारण मूळ काम तिचं तेच होतं.

‘हे बरंय,’ ती म्हणायची, ‘रंगाचं पाणी एका फडक्यात जातं. खरं रक्त कसलं चिवट!’

बाळंतिणींच्या वॉर्डात झाडलोट करता करता तिचे केस पांढरे झाले होते. पहिला प्रकल्प आला तेव्हा बाई म्हणून टेबलावर निजायला एकही सिस्टर तयार होईना. सगळ्यांसमोर पाय वर करून कोण निजणार? तेव्हा फरशी पुसता पुसता हीच म्हणाली होती, ‘मी निजते की. तेवढीच पाठ टेकेल.’ त्या दिवसापासून ती पोटवाली मावशी झाली. प्रकल्प बदलले, पैसा देणारे देश बदलले, भिंतीवरच्या पाट्या बदलल्या. मावशीचं पोट तेवढं कायम राहिलं.

एक प्रकल्प यायचा, शिकवायचा, फोटो काढायचा, जायचा. दुसरा यायचा तो पहिल्या धड्यापासून सुरू करायचा, जणू आधी कुणी आलंच नव्हतं. कुणी यंत्रं द्यायचे. ती चालवायला माणूस नाही, दुरुस्तीला सुटा भाग नाही, मग ती कोपऱ्यात चादर पांघरून उभी. मावशीला त्यांच्यावरची धूळ झटकावी लागे. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,’ असं ती प्रत्येक यंत्राला म्हणायची.

आणि जी सिस्टर खरोखर शिकून तयार होई, ती काही वॉर्डात टिकत नसे. तिला प्रकल्पच उचलायचा, इतरांना शिकवायला. पगार जास्त, रात्रपाळी नाही, फिरायला गाडी. कोण नाही म्हणेल? तिच्या जागी नवी कोरी पोरगी यायची आणि तिला शिकवायला पुन्हा कुठला तरी प्रकल्प. विहिरीवर रहाट छान फिरत होता. पाणी मात्र घागरीत उरत नव्हतं.

या सगळ्यांत धाकटी सिस्टर वेगळी निघाली. वॉर्डात दोनच जुन्या सिस्टर, म्हणून एक थोरली आणि ही धाकटी. हिचा हात पोटावर पडला की मावशीला न बघता कळे. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. दाबता दाबता ती बोलत राही, ‘आहे मी इथे, घाबरू नका.’ नाटकातली बाई असूनही मावशीला तेवढ्यानं बरं वाटायचं. खऱ्या बाळंतिणीही तिचंच नाव घेत. तिच्या हाताखालून कितीतरी बायका परत घरी गेल्या होत्या.

तिलाही बोलावणं आलंच. राजधानीतल्या कार्यालयात, मोठ्या हुद्द्यावर. ते कळलं त्या दुपारी मावशी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हातातलं फडकं ती उगाचच पिळत होती.

‘जाशील ना?’

‘जावं लागेल मावशी. घरी धाकट्या भावाचं शिक्षण आहे.’

‘जा बाई, जा. तुझ्या वाटेत मी कशाला आडवी येऊ? फक्त एवढं कर. भिंगरीचं होईपर्यंत थांब.’

भिंगरी ही मावशीची एकुलती लेक. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता तिला दिवस भरत आले होते, तरी चालणं तसंच, पुढे पोट आणि मागून ही धावतेय. नवरा मालगाडीवर गार्ड, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. म्हणून ती आईकडे आली होती. आईचं नाटक तिनं एकदा खिडकीतून पाहिलं होतं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘आई, तू माझ्या वेळी पण एवढी ओरडली होतीस?’

‘तुझ्या वेळी ओरडायला उसंत दिलीस कुठे? आलीस ती धावतच.’

धाकट्या सिस्टरनं मावशीचा हात धरला. ‘तुझ्या लेकीचं बाळंतपण मीच करणार. त्याआधी मला कुणी हलवून दाखवावं.’

तिनं शब्द पाळला. साहेबांना सांगून जाणं पुढे ढकललं. मावशी त्या दिवसापासून निर्धास्त झाली. इतकी, की तिनं भिंगरीला सांगूनच टाकलं, ‘तुला काही होत नाही. तो हात मी ओळखते.’

*

भिंगरीच्या कळा सुरू झाल्या त्याच सकाळी पाहुणे येणार होते. देणाऱ्या देशाचे मोठे लोक. समुद्र ओलांडून, आपल्या पैशांचं काय झालं ते डोळ्यांनी बघायला. इस्पितळाला चुना लागला होता. कोपऱ्यातल्या यंत्रांच्या चादरी बदलल्या होत्या. खालच्या हॉलमध्ये टेबल, कापडाचं पोट, तांबडं पाणी, सगळं मांडून तयार. नाटकात या वेळी एक भर होती. इंजेक्शन देऊनही रक्त वाहत राहिलं की बाईचा नातेवाईक धावत येतो आणि ओरडतो. ते काम औषधांच्या खिडकीवरच्या माणसाला दिलं होतं.

मावशी लेकीच्या खाटेशेजारून हलेना.

‘मावशी, असं काय करता?’ साहेब वर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या कपाळाला घाम होता. ‘तुमच्याशिवाय पेशंट कोण होणार? पंधरावीस मिनिटांचा तर खेळ.’

धाकट्या सिस्टरनं भिंगरीला तपासलं. ‘अजून बराच वेळ आहे. पहिलटकरीण आहे. कार्यक्रम आटोपला की मी तडक वर येते.’

‘जा गं आई,’ भिंगरी म्हणाली. कळ येऊन गेली होती आणि ती घाम पुसत हसत होती. ‘तुझं नाटक होऊ दे. माझं खरं चाललंयच इथे सावकाश.’

मावशी उठली. तेवढ्यात साहेबांनी भिंतीवरची तांबडी पेटी काढली. रक्त थांबवायची सगळी सामग्री त्या पेटीत असायची. गर्भपिशवी आवळायचं इंजेक्शन, सलाइन, सुया, नळ्या. प्रकल्पानंच ती दिली होती आणि भिंतीवरची जागाही त्यांनीच आखून दिली होती.

‘पेटी राहू दे हो वॉर्डात,’ थोरली सिस्टर म्हणाली.

‘पाहुण्यांना भरलेली पेटी बघायचीय. त्यांनीच दिली ना?’

‘मग दुसरी एक ठेवा इथे.’

‘दुसरी मंजूर व्हायची तर आजचा कार्यक्रम नीट व्हायला हवा, सिस्टर.’

थोरलीनं पेटी जाऊ दिली. तिलाही खाली पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहायचं होतं. डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते. वॉर्डात राहिली ती नवी सिस्टर, महिन्याभरापूर्वी आलेली. तिचं शिकणं पुढच्या तुकडीत होणार होतं. जावई दाराशी बाकावर बसला होता, रात्रीच्या गाडीनं आलेला, गार्डाच्या डगल्यातच. मावशीनं जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘आलेच मी.’

हॉल गच्च भरला होता. मावशी टेबलावर निजली, पोट बांधलं गेलं, तोटी मुठीत आली. ती ओरडली. त्या दिवशी तिला ओरडायला कुणाला सांगावं लागलं नाही. रबराचं बाळ बाहेर आलं, पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. मग तिनं तोटी सोडली आणि टेबलाखालच्या परातीत तांबडं पाणी पडू लागलं. धाकट्या सिस्टरनं पेटी उघडली. लेबल पाहुण्यांना दिसावं म्हणून इंजेक्शन खरंच वापरायचं ठरलं होतं. तिनं काचेची कुपी फोडली, औषध सुईत ओढलं आणि कापडाच्या पोटात टोचलं.

त्याच वेळी मागच्या दाराशी गडबड झाली.

दारात प्रकल्पाचा एक कारकून उभा होता, राजधानीतून आलेला, इथली माणसं न ओळखणारा. कोण कधी आत येणार, हे बघायचं काम त्याचं. त्यानं एका माणसाला अडवून धरलं होतं आणि तो दबक्या आवाजात त्याला समजावत होता, ‘अहो थांबा, आत्ता नाही. इंजेक्शन होऊ दे, मग तुमची एन्ट्री.’

‘सोडा मला! रक्त थांबत नाहीये! सिस्टर, वर चला, तिचं रक्त थांबत नाहीये हो!’

धक्का मारून तो माणूस आत घुसला. डगल्याची बटणं तुटलेली, हात कोपरापर्यंत लाल. मग पहिल्या रांगेतल्या पाहुण्यानं टाळी वाजवली. खरंच वाटावं असा अभिनय होता. त्याचं बघून दुसऱ्यानं वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. औषधांच्या खिडकीवरचा माणूस कडेला आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. हा दुसरा नातेवाईक कुठून आला, हे त्याला कळेना.

मावशीला टेबलावरून फक्त छत दिसत होतं. पण आवाज तिनं ओळखला.

‘माझी भिंगरी!’ ती ओरडली.

‘मावशी,’ साहेब वाकून कुजबुजले, ‘हे आपलं ठरलं नव्हतं...’

धाकट्या सिस्टरनं जावयाचे हात पाहिले. पेटी उचलून ती धावत सुटली. डॉक्टर मागून. मावशीनं उठायचा प्रयत्न केला, तर पोटाचा पट्टा टेबलाच्या कडेला अडकला. तिनं हिसडा दिला. पोट तसंच कमरेला, नळी मागे लोंबतेय, तशी ती जिना चढली. पायरी पायरीवर तांबडं पाणी सांडत होतं. खाली टाळ्या हळूहळू थांबत होत्या. कुणी एकानं, अजून काही कळलं नव्हतं म्हणून, शेवटपर्यंत वाजवल्या.

वर भिंगरी धावतच बाळंत झाली होती. आईसारखीच. मूल नव्या सिस्टरनं नीट घेतलं होतं, ते रडतही होतं. पण नंतर जे सुरू झालं त्यापुढे त्या पोरीचे हात चालेनात. पेटीच्या जागेकडे ती दोनदा धावली होती. भिंतीवर नुसता खिळा.

धाकट्या सिस्टरचा हात पडला. योग्य जागी, योग्य जोरानं. ‘आहे मी इथे, घाबरू नकोस.’ पेटीतलं उरलेलं इंजेक्शन गेलं, सलाइन लागलं, डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. खाटेखालून वाहायचं ते वाहतच राहिलं. इथे तोटी कुणाच्याच मुठीत नव्हती.

मावशी उशाशी बसली. भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं डोळे उघडून आईकडे पाहिलं, कमरेच्या त्या ओल्या कापडी पोटाकडे पाहिलं.

‘आई, झालं नाटक?’

‘झालं गं.’

‘टाळ्या पडल्या?’

मावशीनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. ‘पडल्या. खूप पडल्या.’

भिंगरीला हसायचं होतं बहुतेक. तिचे ओठ तसे हलले. मग ती थांबली. आयुष्यात एका जागी कधी न बसलेली पोर, त्या खाटेवर एकदम थांबली. धाकटी सिस्टर तरीही हात काढायला तयार नव्हती. शेवटी डॉक्टरांनीच तिचा हात धरून बाजूला घेतला.

खाटेखालची फरशी पुसायला थोरलीनं दुसऱ्या कुणाला बोलावलं होतं. मावशीनं त्याला परत पाठवलं. पोट सोडून ठेवलं आणि बादली भरून आणली. ती पुसत राहिली. पाणी बदललं, पुन्हा पुसलं. फरशीच्या फटींत जे गेलं होतं ते निघता निघत नव्हतं. कुणी तिला उठ म्हणालं नाही.

*

पुढे जे व्हायचं ते झालं. बैल गेला आणि झोपा केला. समिती बसली. तिनं सुचवलं की सगळ्यांना अधिक प्रशिक्षण द्यावं. दुसरी पेटीही मंजूर होऊन आली. साहेब एकदा मावशीच्या खोलीवर आले, दारातच बसले आणि मान खाली घालून रडले. मावशीनं त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार? रागाला धरावं असं एक माणूसही तिला सापडत नव्हतं आणि तेच तिला सोसत नव्हतं.

धाकटी सिस्टर निघून गेली. जाताना भेटायला आली. मावशीच्या मांडीवरच्या नातीला घेतलं, छातीशी धरलं, परत दिलं. राजधानीतली जागा तिनं घेतली नाही, असं कळलं. दूर कुठल्या दवाखान्यात ती नुसत्या लसी टोचते म्हणे. बाळंतिणीच्या पोटावर तिनं पुन्हा हात ठेवला नाही. दोघी गेल्या, असंच मावशी मनात धरून चालली.

नात पिटुकली होती आणि आईसारखीच वळवळी. जावई गाडीवरून आला की तिला डगल्यात गुंडाळून बसायचा. मावशी झाडलोट करतच राहिली. कापडाचं पोट भांडारात खुंटीला टांगलेलं होतं. झाडताना ती तिथे वर बघत नसे.

वर्ष उलटलं आणि नवा प्रकल्प आला. या वेळी शिकवायला एक बाई होत्या, वयानं मावशीच्याच बरोबरीच्या. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं. पाटी लावण्याआधी त्या बादलीपाशी येऊन उकिडव्या बसल्या.

‘मावशी, तुम्हाला निजा म्हणायला मी नाही आले. फक्त विचारायला आलेय. आम्ही काय करायला हवं?’

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं फडकं दोनदा पिळलं.

‘शिकवा,’ ती म्हणाली. ‘शिकवू नका असं नाही म्हणत मी. पण इथे वर, वॉर्डात शिकवा. पोरींना खाली नेऊ नका. पेटी खिळ्यावरनं हलायची नाही, पाहुणे आले तरी. त्यांना म्हणावं, जिना चढा. आणि जी शिकेल तिला उचलून नेऊ नका हो. तिला इथेच चार पैसे जास्त द्या. नाहीतर आमचं भांडं भरायचं आणि तुम्हीच ओतून न्यायचं.’

बाईंनी मान डोलावली. ‘माझ्या हातात आहे तेवढं करते. जे नाही त्यासाठी भांडते. मी वर्षभर इथेच राहणार आहे.’

‘बघू,’ मावशी म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘मग टेबलावर निजणार कोण तुमच्या?’

शिकायची पहिली पाळी नव्या सिस्टरची आली. तिला आता नवी म्हणायचं कारण नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्या दिवसापासून ती मावशीशी डोळ्याला डोळा भिडवून बोलली नव्हती. वॉर्डाच्या कोपऱ्यात टेबल मांडलं होतं. पलीकडे खऱ्या खाटांवर खऱ्या बाळंतिणी होत्या आणि थोरली सिस्टर त्यांच्यापाशी होती. भिंतीवर पेटी होती. मावशी निजली, पोट बांधून घेतलं, मुठीत तोटी धरली.

तिनं या वेळी टाहो फोडला नाही. कुणी ओरडा म्हटलंही नाही. तोटी सोडली आणि पाणी वाहू लागलं.

नव्या सिस्टरनं हात ठेवला. योग्य जागी पडला तो. जोरही बरोबर. ‘आहे मी इथे,’ ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला, ‘घाबरू नका मावशी, आहे मी.’

‘बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. ‘मावशी, तोटी बंद करा.’

मावशीच्या बोटांना ते कळलं होतं. बोटं वळेनात. एवढंसं तर पितळेचं बटण, इकडून तिकडे केलं की आई वाचते. इतकं सोपं. पाणी परातीतून काठावर आलं, काठावरून फरशीवर गेलं. नव्या सिस्टरच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून, हनुवटीवरून टपकत होतं, पण तिनं हात काढला नाही. दंड भरून आले तरी काढला नाही. तिचा हात तिथेच होता, त्याच जागी, त्याच जोरानं.

पलीकडच्या खाटेवर एक मूल रडायला लागलं. मावशीनं तोटी फिरवली.

‘थांबलं?’ नव्या सिस्टरनं विचारलं.

‘थांबलं गं पोरी,’ मावशी म्हणाली. ‘थांबलं. काढ आता हात.’

तिनं हात काढला आणि ती तिथेच टेबलाला धरून उभी राहिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मावशी उठली, पट्टा सोडला, पोट टेबलावर नीट ठेवलं आणि कोपऱ्यातलं फडकं घेऊन खाली बसली. फरशीवर बरंच सांडलं होतं. पण रंगाचंच पाणी ते. एका फडक्यात गेलं.